हक्काचे ‘वाटप’ होत नसते

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वनहक्काचे दावे मान्य झाले की ‘पट्टेवाटपा’चा समारंभ होतो. मंडप पडतो, पुढारी येतात, आदिवासी हात जोडून कागद घेतो आणि भाषणांतून शासनाच्या औदार्याचा गौरव होतो. ‘वाटप’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. परंतु त्यामागे राज्यसत्तेची एक जुनी रीत उभी आहे. ती म्हणजे मर्जीची रीत.

गोंड राजांच्या अमदानीत येथील जमीनदार शस्त्रबळावर मुलूख राखीत आणि त्या बदल्यात गावांचा वसूल घेत. १७५१ मध्ये चांद्यावर भोसल्यांचा अंमल बसला, १८५४ मध्ये इंग्रज आले. धनी बदलले, व्यवहार तोच राहिला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव या जमीनदारांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी सरकारच्या दडपणाखाली बाबुरावांना धरून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी झाली. व्यंकटराव १८६० मध्ये पकडले गेले आणि त्यांची जप्त झालेली जमीनदारी बक्षीस म्हणून अहेरीला जोडली गेली. त्या गावांत राबणाऱ्या माडिया-गोंडांचे मत घेण्याची गरज कोणालाही भासली नाही.

लक्ष्मीबाईंना एकट्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु पद ज्याच्या मर्जीवर टिकते त्याच्याशी निष्ठा, हा त्या व्यवस्थेचाच नियम होता. आणि तो केवळ येथला नव्हता. फ्रान्समध्ये १६१७ साली राजदरबारातील प्रबळ सरदार कोंचिनी राजाज्ञेने मारला गेला आणि त्याची मालमत्ता लुईन या नव्या कृपापात्राच्या पदरात पडली. बाल लुई तेराव्याच्या शिकारी पक्ष्यांची निगा राखून लुईन वर चढला होता. १६२१ मध्ये, युद्धाचा फारसा अनुभव नसताना, तो सर्व सैन्याचा प्रमुख झाला. त्याच वर्षी मोंतोबाँचा वेढा फसला. या मानमरातबाचा खर्च ‘ताय’ या करातून निघे; सरदारांना बहुतांशी त्याची माफी होती, शेतकऱ्याला नव्हती. एकाची जप्ती ते दुसऱ्याचे बक्षीस, आणि भार मात्र कष्टकऱ्यावर: पॅरिस काय आणि अहेरी काय, हिशेब एकच.

कोणी म्हणेल, १९५१ मध्ये जमीनदारी संपली. आता ही मढी का उकरायची? जमीनदारी संपली हे खरे; पण रान गावाला मिळाले नाही. ते शासनाकडे गेले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू मिळाला, आणि त्याच बांबूवर पोट असलेल्या बुरडाला वनखात्याच्या दाराशी उभे राहावे लागले. जमीनदार गेला, मर्जी उरली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या रीतीवर घाव घातला. तो हक्क ‘देत’ नाही, आधीपासून असलेले हक्क ‘मान्य’ करतो आणि ऐतिहासिक अन्याय झाल्याचे कबूल करतो. तरीही धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यांसाठी २०११ पर्यंत झगडावे लागले. अखेर परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, ते केंद्रीय मंत्री गावात आल्यानंतर! कायदा झाला तरी मर्जीची सवय सुटलेली नव्हती, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

म्हणून कार्यकर्त्यांनी ‘वाटप’ हा शब्द प्रथम आपल्या तोंडातून काढून टाकावा. गावोगावी ग्रामसभेत कायद्याची कलमे वाचावीत, दावे गावानेच तयार करावेत, अपुरा किंवा चुकीचा पट्टा आल्यास तो आभार न मानता परत करून दुरुस्ती मागावी. दिलेली वस्तू देणारा परत घेऊ शकतो, हे व्यंकटरावांच्या जमीनदारीने दाखवले आहे. रान गावाचे आहे ते कोणाच्या कृपेने नव्हे. आणि जे कृपेने मिळाले नाही, त्यासाठी हात जोडायचे कारण नाही.