आनंदाची आठवण काढणं म्हणजे अविश्वास नव्हे



आमच्या मंडळीतल्या एक मावशी काही महिन्यांपासून समुपदेशनाला जातात. यजमान गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती, उपासनेला येणंही सुटलं होतं. समुपदेशक ताईंनी त्यांना घरी करायला काम दिलं: माहेरच्या माणसांबरोबरच्या एका आनंदाच्या दिवसाचं चित्र काढून आणा. मावशींनी नातवाचे खडू घेतले आणि असीरगड काढला. ती वही त्यांनी रविवारी चर्चच्या अंगणात आम्हाला दाखवली, तेव्हा शेजारी उभं असलेलं कुणीतरी म्हणालं, "या वयात चित्रकला? प्रार्थना कमी पडली वाटतं." सगळे हसले. मावशींनी वही पिशवीत घातली.

त्या हसणाऱ्यांत आम्हीही होतो. शिवाय आणखी एक चूक आमच्या पदरात आहे. यजमान गेले तेव्हा भेटीला जाऊन आम्हीच त्यांना फिलिप्पैकरांस पत्राचा 3 रा अध्याय काढून दिला होता आणि मागचं सोडून पुढे बघायला सांगितलं होतं. घरी येऊन तो अध्याय पहिल्यापासून वाचला असता तर बरं झालं असतं. मागचं विसरण्याचं बोलण्याआधी पौलाने त्याच अध्यायात आपलं मागचं सगळं सांगितलं आहे: वंश कोणता, सुंता कितव्या दिवशी झाली, पंथ कोणता, मंडळीचा छळ कसा केला. आधी नीट आठवून मगच तो सोडतो आहे. आणि सोडतो काय, तर स्वतःच्या मोठेपणाच्या खुणा. आईवडिलांना आठवू नका, असं तिथे कुठेच नाही.

मावशींच्या परवानगीने पुढचं लिहितो. नाव नको, एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील रेल्वेत होते, भुसावळला. एका नाताळानंतर सगळं कुटुंब बुऱ्हाणपूरला आलं आणि तिथून वीसेक किलोमीटरवरच्या असीरगडावर सहलीला गेलं. समुपदेशक ताईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमचं बालपण छान गेलं." ताई म्हणाल्या, हे प्रमाणपत्र झालं, आठवण सांगा. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. वर्तमानपत्रात बांधलेली मावा जिलबी आणि कागदावर पसरलेला तुपाचा डाग. आईच्या चपलेचा तुटलेला अंगठा. अर्ध्या चढावर रडायला लागलेला धाकटा भाऊ, आणि त्याला खांद्यावर घेऊन दरवाज्यापर्यंत चढलेले वडील, धापा टाकत, तरी गाणं म्हणत.

"छान होतं" आणि "तुपाचा डाग" यांतला फरक लहान वाटतो, पण या कामाचं मर्म तिथेच आहे. मार्क विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात दाखवून दिलं की खोल निराशेतल्या माणसांना एका ठराविक दिवसाची आठवण सांगा म्हटलं तर ती गोळाबेरीज सांगतात: "सुट्टीत मजा यायची", "वडील नेहमी रागवायचे". तो एक दिवस, ते एक ठिकाण हाताला लागत नाही. म्हणून चित्र काढा, घराचा नकाशा काढा, आईच्या फोडणीचा वास लिहून काढा, खोक्यात जुनी तिकिटं जमवा, अशी कामं देतात. हात चालू लागला की तपशील येतो. वृद्धांच्या आठवणी काढण्याला तर रॉबर्ट बटलर या डॉक्टरने 1963 मध्येच मान मिळवून दिला. म्हातारं माणूस जुनं उगाळत बसतं याला तोवर भ्रमिष्टपणा समजत. आयुष्याचा हिशेब लावण्याचं ते आवश्यक काम आहे, असं बटलरने मांडलं.

यात आपल्याला परकं वाटावं असं काय आहे? यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उचलून आणवले, ते कशासाठी? मुलं विचारतील तेव्हा सांगता यावं म्हणून. हातात धरता येणारी, वजन असलेली वस्तू. प्रभूने तर आपली आठवण भाकरीत आणि द्राक्षारसात ठेवली, जिभेला चव लागते अशा गोष्टींत. आणि आपण मावशींच्या खडूंना हसतो.

पण आमचं मत इतकं सरळही नाही, कारण चित्राला दुसरी बाजू आहे. भावाला खांद्यावर घेणारे वडील पुढे दारू पिऊ लागले आणि त्याच भावाला त्यांनी पट्ट्याने मारलं. भाऊ घर सोडून गेला. बहीणभावांत बरीच वर्षं बोलणं नाही. मावशींना भीती वाटत होती की असीरगडचं चित्र काढणं म्हणजे वडिलांना निर्दोष सोडणं, भावाशी दगा करणं.

इथे आपल्या मंडळ्यांत एक घाई होते. चांगलं तेवढं आठवा, वाईट प्रभूच्या चरणी टाका, क्षमा करा, संपलं. आम्हाला हे पटत नाही. आनंदाची आठवण हा माराचा खुलासा होऊ शकत नाही आणि माराने तो आनंद खोटाही ठरत नाही. दोन्ही त्याच घरात घडलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. मुलगा देवदत्त याने वडिलांच्या आठवणी लिहून मागितल्या, त्यातून ते पुस्तक झालं. ना. वा. टिळकांचा राग, त्यांचं न सांगता निघून जाणं, बाईंची झालेली परवड, यातलं काही त्यांनी झाकलं नाही. तरी पानापानावर हसू आहे.

सुखाची आठवण कधी जखमही करते. 42 व्या स्तोत्रातला माणूस जमावाबरोबर देवाच्या मंदिराकडे जाण्याचे दिवस आठवतो आणि त्याच वेळी त्याचं काळीज पाणी होतं. निराशेतल्या काहींना आनंदाच्या आठवणीने उलट जास्त खचल्यासारखं होतं, हे अभ्यासकांनीही नोंदवलं आहे. म्हणून हे काम जाणत्या माणसाच्या सोबतीने व्हावं, आणि कुणी "मला नाही आठवायचं" म्हटलं तर तिथेच थांबावं. ज्यांना समुपदेशक परवडत नाही किंवा जवळपास मिळत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. फोन केल्याने विश्वास कमी होत नाही.

योसेफाचंच बघा ना. बापाच्या घराचा विसर पडला म्हणून त्याने थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं. आता त्या पोराला जेवायला हाक मारली की प्रत्येक वेळी बापाचं घर आठवणारच! पुढे भाऊ समोर आले तेव्हा त्याला उठून आतल्या खोलीत जाऊन रडावं लागलं.

जानेवारीत आम्ही सातजण मावशींना घेऊन असीरगडावर गेलो. वर मशीद आहे, महादेवाचं देऊळ आहे, इंग्रजांच्या काळातल्या पडक्या इमारती आणि काही कबरी आहेत. अंगावरची न भरणारी जखम घेऊन अश्वत्थामा इथे फिरतो, असं आसपासचे लोक सांगतात. 1601 मध्ये अकबराने हा गड घेतला. त्या वेढ्याच्या वेळी त्याच्या छावणीत जेरोम झेवियर हे येशूसंघीय पाद्री होते. पण गड पडला कसा, याच्या दोन हकिगती आहेत. अबुल फजल लिहितो की आत रोगराई पसरली. पाद्र्यांच्या पत्रांवरून युरोपात जी हकिगत छापली गेली तिच्यात लाच आणि दगा आहे. एकच गड, एकच वेढा. बहीणभावांच्या दोन हकिगती असल्या तर त्यात नवल काय, असं आमच्यातले एक काका म्हणाले. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी चढाचे आणि दरवाज्याचे चार फोटो काढले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ते फोटो आणि आपलं चित्र भावाला पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. नऊ दिवसांनी उत्तर आलं: "जिलबी नव्हती, दराबा होता. आणि मी रडत नव्हतो, पाय मुरगळला होता."

मावशींनी चित्रात पायाला पट्टी काढली आहे. जिलबी मात्र खोडलेली नाही.

पुढच्या महिन्याच्या महिला सभेला आम्ही कोरे कागद आणि खडू आणणार आहोत. पुरुषांनीही यावं. चित्र येत नसेल तर स्वयंपाकघराचा नकाशा चालेल. चष्मा विसरू नका.