विश्लेषण : इलेक्ट्रिक कार सुसाट, तरी स्पोर्ट्स कारची मजा वेगळी का?

ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला १९८७ साली आलेल्या फेरारी एफ४० ला सुमारे चार सेकंद लागत. आज ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही पाच आसनी इलेक्ट्रिक कार तोच वेग ३.४ सेकंदांत गाठते. तरीही गाडी चालवण्याचा शौक असलेले अनेक जण पेट्रोलची स्पोर्ट्स कार सोडायला तयार नाहीत. हा नुसता जुन्याचा हट्ट आहे की त्यामागे ठोस कारण आहे?

इलेक्ट्रिक कार इतकी वेगवान कशी?

पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोर लावण्यासाठी आधी आरपीएम वाढवावे लागतात. इलेक्ट्रिक मोटर मात्र थांबलेल्या अवस्थेतूनच जवळपास पूर्ण टॉर्क देते. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत गिअर बदलण्यात वेळही जात नाही. शिवाय जड बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर गाडी कमी झुकते.

मग मजा कुठे कमी पडते?

पेट्रोलच्या स्पोर्ट्स कारमध्ये वेग कमवावा लागतो. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर कधी बदलायचा ते ओळखायचे, वळणाआधी योग्य गिअर टाकायचा, क्लच नेमका सोडायचा. जमले तर समाधान, चुकले तर गाडी तिथल्या तिथे झटका देऊन सांगते. इलेक्ट्रिक कारमध्ये पेडल दाबले की काम झाले. पहिल्या दहा वेळा थरार वाटतो, पण त्यात चालकाचे कौशल्य फारसे लागत नाही, त्यामुळे नवलाई लवकर ओसरते.

माझदा एमएक्स-५ हे याचे उत्तम उदाहरण. १९८९ पासून विकली जाणारी ही छोटी कार फार वेगवान कधीच नव्हती. तरीही ती १० लाखांहून अधिक विकली गेली. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, अशी तिच्यामागची जपानी कल्पना आहे.

यावर कंपन्यांनी काय उपाय काढला?

ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन आणली, तेव्हा तिच्यात चक्क खोटे गिअर दिले. गाडीला प्रत्यक्षात गिअर बदलण्याची गरज नाही. पण ही सोय सुरू केली की मोटरचा जोर क्षणभर कमी करून गिअर बदलल्यासारखा झटका दिला जातो, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. वेळेवर गिअर बदलला नाही, तर वेग वाढायचा थांबतो. म्हणजे ज्या उणिवा इलेक्ट्रिक मोटरने घालवल्या, त्याच मुद्दाम परत आणल्या! पण अनेक परीक्षकांना हे आवडले आणि या गाडीला २०२४ चा 'वर्ल्ड परफॉर्मन्स कार' पुरस्कारही मिळाला.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. आवाज आणि गिअर सॉफ्टवेअरने आणता येतात, पण वजन सॉफ्टवेअरने कमी होत नाही. एमएक्स-५ चे वजन ११०० किलोच्या आसपास, तर आयोनिक ५ एनचे सुमारे २२०० किलो. गाडी जितकी जड, तितका वळताना टायरवर आणि थांबताना ब्रेकवर ताण जास्त. दिशा बदलतानाही हे वजन जाणवते. हलकी, स्वस्त आणि भरपूर रेंजची बॅटरी येईपर्यंत छोटी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बनवणे अवघडच राहील.

बाजार काय सांगतो?

पोर्शे ७१८ ची पुढची पिढी फक्त इलेक्ट्रिक असणार होती. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने भूमिका बदलली आणि तिच्या वरच्या आवृत्त्यांत पेट्रोल इंजिनही देण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात फेरारीने आपल्या पहिल्या इलेक्ट्रिक कारचे तंत्रज्ञान दाखवले. पण २०३० पर्यंत इलेक्ट्रिक मॉडेल्सचा वाटा ४० टक्के ठेवण्याचे उद्दिष्ट त्याच वेळी २० टक्क्यांवर आणले. हौसेपोटी कोट्यवधी मोजणाऱ्या ग्राहकाला केवळ वेग नको आहे, हे या कंपन्यांनी ओळखले आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

एमएक्स-५ भारतात विकलीच जात नाही. त्यामुळे आपल्याकडची निवड बहुतेकदा साधी पेट्रोल कार की इलेक्ट्रिक, अशीच असते आणि तिथे इलेक्ट्रिकचे पारडे जड ठरू शकते. पुण्याजवळ चाकणला बनणारी महिंद्रा बीई ६ ताशी १०० चा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा आहे. काही वर्षांपूर्वी असा वेग फक्त महागड्या गाड्यांतच मिळत असे.

मात्र टेस्ट ड्राइव्ह घेताना केवळ सरळ रस्त्यावर पेडल दाबून भुलू नका. एखादे वळणदार वळसा असलेले अंतर चालवून पाहा, ब्रेक लावून पाहा. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो का, याकडे लक्ष द्या. इंजिन कोणतेही असो, गाडी चालवण्याची मजा तिथेच कळते.