जमिनीचा कल एका हंगामात कळत नाही

नवे खत किंवा नवी पद्धत वापरली, की सुगीनंतर पहिला प्रश्न येतो, "गेल्या वर्षापेक्षा किती अधिक पिकले?" या एका उत्तरावरून पद्धतीचे बरेवाईट ठरविले जाते. आमच्या मते ही मोठी चूक आहे. गतवर्ष आणि यंदा यांत खताचाच नव्हे, तर पावसाचाही फरक असतो.

हे दोन फरक निरनिराळे कसे करावेत, याचा धडा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील एका शेताने घालून दिला आहे. तेथे लॉज व गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हावरील खतांचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. १९१९ साली रोनाल्ड फिशर तेथे रुजू झाले व या नोंदींवरील आपला अभ्यास त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केला. उत्पन्नातील बदल त्यांनी तीन भागांत वेगळे केले : हवामानामुळे दरसाल होणारा चढउतार, जमिनीचा कस उतरल्याने होणारी सावकाश घट, आणि अनेक वर्षांच्या मुदतीने होणारे मंद चढउतार. या तिसऱ्याचे कारण त्यांनी तणांत शोधले. नोंदी दोनचार वर्षांच्याच असत्या, तर हे तीन धागे सुटे झालेच नसते.

आपल्या शेतावरही हा विचार लागू पडतो. समजा, ज्वारीच्या एका पट्ट्यास दरसाल शेणखत दिले व शेजारचा पट्टा बिनखताचा ठेवला. खताच्या पट्ट्याचे एकरी उत्पन्न तीन वर्षांत १०, ६ व ११ क्विंटल आले. दुसऱ्या वर्षीच शेतकरी म्हणेल, खत वाया गेले. परंतु बिनखताच्या पट्ट्यात ९, ४ व ८ क्विंटल आले असतील, तर दोहोंतील अंतर १, २ व ३ असे वाढत गेले आहे. पाऊस दोन्ही पट्ट्यांवर सारखाच पडला. म्हणून खताचा गुण या अंतरात पाहावा. अर्थात तीन वर्षांत केवळ चाहूल लागते. निर्णयास अधिक वर्षे हवीत.

यासाठी पट्टे तेच ठेवावेत, माप तेच वापरावे. पीक बुडालेले वर्ष नोंदीतून गाळू नये. ते गाळल्यास सरासरी फुगते व आपलीच फसवणूक होते. गावाच्या सरासरीवर विसंबू नये, कारण एका शेताची घट दुसऱ्याच्या वाढीत झाकली जाते. कार्यकर्त्याची बदली झाल्यास त्याने नोंदवही पुढील माणसाच्या हाती सोपवावी.

पानसे व सुखात्मे यांनी १९५४ साली शेती-कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्रावर ग्रंथ सिद्ध केला. त्यातील गणित प्रत्येकाने शिकावे असे नाही. पण ज्यावर गणित उभे राहते, ती प्रामाणिक नोंद आपणच करावयाची आहे. कर्ज काढून खत घेणाऱ्या शेतकऱ्यास सल्ला देताना तिचाच आधार असावा.