शिरःशूल आणि मान : एक दुर्लक्षित दुवा

शिरःशूलाचा रुग्ण आला की आपण नाडी, जिव्हा, कोष्ठ व निद्रा यांची विचारपूस करतो. पित्ताचा अनुबंध दिसल्यास सूतशेखर, वाताचा दिसल्यास नस्य, हा आपला परिपाठ. त्या रुग्णाच्या मानेला हात लावून पाहणारे वैद्य मात्र थोडे. आम्हीही हा दोष अनेक वर्षे केला, हे प्रांजळपणे मान्य करतो.

वास्तविक आपल्याला याचे सूचन फार पूर्वीच मिळालेले आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग वर्णिले. त्यांपैकी अनंतवातात दोष मन्येला पीडित करून मानेच्या मागील भागी तीव्र वेदना उत्पन्न करतात व ती नेत्र, भ्रुकुटी आणि शंखप्रदेशी जाणवते. नॉर्वेचे ओटार स्यास्टाड यांनी १९८३ मध्ये ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’ ही संज्ञा रूढ केली. दोन्ही व्याधी एकच आहेत, असा आमचा दावा नाही. अनंतवातात हनुग्रह व नेत्ररोगही सांगितले आहेत. परंतु वेदनेचा मार्ग विलक्षण सारखा आहे. मानेच्या वरच्या तीन चेता आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल चेता यांच्या संवेदना एकाच केंद्रात एकत्र येतात; म्हणून मानेतील विकृती कपाळी दुखते.

अशा रुग्णाची वेदना बहुधा एका बाजूस, मानेपासून सुरू होते व मानेच्या हालचालीने वाढते. त्याला उताणे निजवून, मान पूर्ण पुढे वाकवून डोके हळूच दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे. निरोगी व्यक्तीत हे वळण सुमारे ४४ अंश असते. विकृत बाजूस ते स्पष्टपणे कमी भरते.

चिकित्सेविषयी आमचे मत स्पष्ट आहे. स्नेहन-स्वेदनाने स्तंभ व शूल कमी होतो. दुर्बल पेशींना बल मात्र केवळ तेलाने येत नाही. चरकांनी व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य आणि बल हीच प्रयोजने सांगितली आहेत. ऑस्ट्रेलियातील ग्वेंडोलेन जुल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २०० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा आठवड्यांच्या हस्तचिकित्सेने व व्यायामाने मिळालेला लाभ वर्षभरानंतरही टिकलेला आढळला. व्यायाम साधा आहे : उताणे निजून, डोके न उचलता, होकार दिल्याप्रमाणे हनुवटी अलगद आत घ्यावी, दहा सेकंद धरावी, असे दहा वेळा. खांद्यांमागील पेशींचाही व्यायाम जोडावा. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाकडे रुग्ण पाठविण्यात आपल्या शास्त्राला कमीपणा येत नाही.

हस्तचिकित्सेच्या नावाखाली मानेला हिसका देणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. शिर व ग्रीवा यांच्या संधीस्थानी कृकाटिका ही दोन वैकल्यकर मर्मे आहेत. आधुनिक शास्त्रही अशा हिसक्याने क्वचित मानेतील रोहिणी फाटून पक्षाघात होऊ शकतो, असे बजावते. अकस्मात उद्भवलेला अतितीव्र शूल, ज्वरासह मन्यास्तंभ, हातापायांत दौर्बल्य, दृष्टिदोष, आघाताचा इतिहास किंवा पन्नाशीनंतर प्रथमच जडलेला शिरःशूल असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा वा अधिक दिवस घेतल्यास त्यांमुळेच शिरःशूल जडू शकतो. आपल्या दारी येणारे कित्येक रुग्ण त्याच वाटेवर असतात. त्यांच्या कपाळी तैलधारा धरण्यापूर्वी सर्व वैद्यबंधु-भगिनींनी एकदा मान तपासावी, एवढीच आमची नम्र विनंती.