भंगार की विंटेज? मधल्या गाड्यांचं काय?

येवल्यात आमच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अॅम्बेसेडर उभी आहे. 1984 ची, पांढरी, स्टिअरिंगला गिअर असलेली. आजोबांनी घेतलेली. तिच्यातून पैठण्यांची गाठोडी मुंबईला गेली, घरातली तीन लग्नं लागली आणि नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेला अख्खी गल्ली जाऊन आली. गेल्या दिवाळीत याच गाडीवरून घरात वाजलं. धाकटे काका म्हणाले, "स्क्रॅपला देऊ. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीवर सूट मिळते." मोठे काका म्हणाले, "नीट करून घेऊ. ब्रेक बदलू, जमलं तर इंजिनही बदलू." शेवटी दोघांनी माझ्याकडे बघितलं. "तू पत्रकार होणार ना? मग नियम काय म्हणतो ते शोधून सांग."

शोधलं. आणि लक्षात आलं की प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. तुमच्याही घरी आजोबांची फियाट, बाबांची राजदूत किंवा मामांची जुनी जीप असेल, तर हे तुमच्यासाठीही आहे.

आधी थोडी ओळख

अॅम्बेसेडर दिसायला शंभर टक्के देशी असली, तरी मूळची ब्रिटिश आहे. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री ही तिची आई. हिंदुस्तान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात 1950 च्या दशकाच्या अखेरीस ती बनवायला घेतली आणि मे 2014 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. मधल्या काळात जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, पण मूळ साचा जवळपास तोच राहिला. 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. 1990 च्या दशकात 1800 सीसीचं इसुझू इंजिन आणि पाच गिअर आले. म्हणजे एका अर्थाने, चालू ब्रिटिश सेडानमध्ये हळूहळू बदल करत राहणं हेच कंपनीने पन्नास-पंचावन्न वर्षं केलं. तेच काम आज मालकाने करायचं म्हटलं की अडचण सुरू होते.

"15 वर्षं झाली की गाडी बाद"?

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. आपल्याकडे खासगी गाडीच्या बाबतीत तो खरा नाही. 10 वर्षांची डिझेल आणि 15 वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा वाद दिल्ली आणि आसपासच्या भागातला आहे. मोटार वाहन कायदा 1988 नुसार खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करता येतं. आपण ज्याला 'री-पासिंग' म्हणतो ते हेच.

फक्त ते महाग होत चाललंय. कारच्या नूतनीकरणाची फी पूर्वी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती 10,000 रुपये केली, तर मोटारसायकलसाठी 2,000. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. बंदी नाही, पण "गाडी काढून टाका" हा इशारा पुरेसा स्पष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला विंटेज गाड्यांचे नियम आहेत. जुलै 2021 मध्ये ते आले. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण ही गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

आता आमच्या गाडीचं गणित मांडा. ती 50 वर्षांची होणार 2034 मध्ये. तोपर्यंत ती विंटेज नाही आणि भंगारही नाही. ती फक्त 'जुनी गाडी' आहे. धोरणात एका टोकाला स्क्रॅप यार्ड आहे, दुसऱ्या टोकाला म्युझियम. मधे जी गाडी महिन्यातून दोनदा बाजारात जाते, जिला घरातले लोक नीट ठेवू पाहतात, तिच्यासाठी वेगळा रकानाच नाही.

बदल म्हणजे नक्की काय?

मोठ्या काकांच्या यादीत चार गोष्टी होत्या: पेट्रोलचे पाईप, सीट बेल्ट, पुढे डिस्क ब्रेक आणि इसुझू इंजिन. चारही एका पारड्यात टाकून चालणार नाही.

कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याच वर्षी दंडाची नवी तरतूद आली: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फटाके फोडणारा सायलेन्सर लावून कॉलेजला येणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

पण त्याच कलमात 'बदल' या शब्दाची व्याख्याही आहे. वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. सगळा खेळ या दोन शब्दांवर आहे, मूलभूत वैशिष्ट्य.

पेट्रोलचे पाईप: हा तर शौकच नाही. 2025 पर्यंत देशभरच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. 1984 च्या गाडीचे रबरी पाईप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग त्यासाठी बनलेलीच नाहीत. काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलंय. म्हणजे इंधन सरकारने बदललं, तर गाडी जशीच्या तशी ठेवणं मालकाच्या हातात उरलेलं नाही. इथेनॉल सहन करणारे पाईप लावणं ही दुरुस्ती आहे, आणि ती केली नाही तर पेट्रोल गळून आग लागू शकते.

सीट बेल्ट: आमच्या गाडीत ते कधीच नव्हते. लावले तर गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं असं कोण म्हणेल? फक्त ते पत्र्यात कुठेही स्क्रू मारून लावायचे नाहीत. मागून पोलादी पट्टी देऊन पक्के करावे लागतात, नाहीतर धक्क्यात बेल्टच उपटून येईल.

डिस्क ब्रेक: इथे मला गाडीतला प्रसंग सांगावा लागेल. दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही मनमाडहून परत येत होतो. अंकाई किल्ला मागे पडला आणि पाऊस झोडपायला लागला. रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी गेली आणि पुढे कांद्याचा ट्रॅक्टर थांबला. काकांनी ब्रेक दाबला, पाय खाली गेला, गाडी मात्र चालतच राहिली. ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरलं की शू धरत नाहीत. हँडब्रेक ओढत आम्ही ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर थांबलो. आजी मागच्या सीटवर होती, बेल्टशिवाय. घरी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

पुढच्या काळात कंपनीने स्वतःच अॅम्बेसेडरला पुढे डिस्क ब्रेक दिले. म्हणजे त्याच घराण्यातल्या धाकट्या बहिणीचा भाग मोठीला लावायचा. विंटेज नियमातल्या चॅसिस, बॉडी, इंजिन या यादीत ब्रेक नाहीत. पण कलम 52 खाली चालतील का, याचं साधं, सगळ्यांना वाचता येईल असं उत्तर मला सापडलं नाही. दोन ठिकाणी विचारलं तर एकाने "काही होत नाही" म्हटलं आणि दुसऱ्याने "पासिंगच्या वेळी बघू". आजीच्या जिवाचा प्रश्न "बघू" वर सोडायचा?

इंजिन: इथे मात्र मी मोठ्या काकांच्या विरोधात गेले. इंजिन नंबर आरसीवर असतो, बदलायचं तर आधी परवानगी लागते. शिवाय 75 हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन बसवलं की तसाच वेग येतो, आणि बाकी गाडी 1984 चीच राहते. सगळ्यात मोठं म्हणजे आज इंजिन बदललं तर 2034 मध्ये विंटेजचा दरवाजा बंद होऊ शकतो. पाईप, बेल्ट, अगदी ब्रेकसुद्धा काढून पुन्हा मूळचे लावता येतात. भंगारात गेलेलं जुनं इंजिन परत येत नाही.

धाकट्या काकांचं म्हणणंही ऐका

ते चुकीचे नाहीत. जुनी कार्बोरेटरवाली गाडी नव्या बीएस-6 गाडीपेक्षा किती तरी जास्त धूर सोडते. तिच्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, एअरबॅग नाही. अपघात झाला तर आत बसलेल्याला स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर येतो. "आठवणी आहेत" म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसात धूर सोडायचा हक्क कुणाला मिळत नाही.

पण मग मोजायचं काय, वय की धूर? रोज 60 किलोमीटर पळणारी, कधीच सर्व्हिसिंग न झालेली 12 वर्षांची गाडी आणि महिन्यातून दोनदा शेडबाहेर येणारी, ट्यूनिंग केलेली 40 वर्षांची गाडी, यातली शहराला कुठली जड? फी ठरवताना हा प्रश्न विचारलाच जात नाही. 20 वर्षांपेक्षा जुन्या कारना 10,000 रुपये सारखेच, मग ब्रेक उत्तम असोत की नसोत.

माझं म्हणणं एवढंच आहे. 20 ते 50 वर्षांच्या खासगी गाड्यांसाठी एक वेगळा वर्ग हवा. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, दरवर्षी ब्रेक आणि धुराची कडक चाचणी, आणि सुरक्षेसाठी चालतील अशा बदलांची छापील यादी. यादीत नसलेलं काही केलं तर दंड जरूर घ्या. आज उलटं होतंय. जो नियम पाळून विचारायला जातो तो अडकतो, आणि जो गॅरेजमध्ये गुपचूप करून घेतो तो सुटतो.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर

आधी आरसी बघा, मुदत संपली आहे का. इंजिन आणि चॅसिस नंबर गाडीवर वाचता येतो का ते तपासा, गंजाने अक्षरं गेली की पुढे फार त्रास होतो. एचएसआरपी पाटी, पीयूसी आणि विमा पूर्ण करा. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी वॉशरसुद्धा, नाव लिहून डब्यात ठेवा.

आमच्याकडे सध्या तह झालाय. इंजिन तेच राहणार, मालेगावचे एक जुने मिस्त्री ते उघडून बोअरिंग करून देणार आहेत. स्टिअरिंगच्या गिअरचे दांडे जुळवणारे हात आता कमी राहिलेत, म्हणून मी त्या दिवशी व्हिडिओ करायला जाणार आहे. पाईप बदलून झाले, बेल्ट बसवले. डिस्क ब्रेकसाठी आरटीओकडे लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर ब्रेकचे शू नवे घातलेत आणि घरात एक नियम झालाय: आभाळ भरलं की गाडी शेडबाहेर काढायची नाही.