फॉरमॅट मारण्याआधी थांबा!

नांदेड-लातूरच्या संगणकधारकांना, त्यातही अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, कळकळीचं आवाहन.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू किंवा मिंट असं एखादं लिनक्स टाकावंसं वाटणं साहजिकच आहे. जरूर टाका. घोटाळा होतो तो पुढे. जागा पुरेना म्हणून कुणीतरी पार्टिशन कमी-जास्त करतं, मशीन पुन्हा चालू करतं आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच उमटतं. मग दुकान गाठायचं. तिथलं उत्तर ठरलेलं: "विंडोज मारून देतो, तासाभरात या."

मारू देऊ नका! तोवर तुमचा प्रोजेक्ट, बहिणीच्या लग्नाचे फोटो, वडिलांनी स्कॅन केलेले सातबारे बहुधा जागच्या जागी असतात. संगणक सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या फाइली कोणत्या पार्टिशनवर आहेत याची नोंद तेवढी चुकलेली असते. खरा घात फॉरमॅटने होतो. एसएसडी असेल तर विंडोज ती जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवतं आणि ड्राइव्ह आतून सगळं पुसून टाकते. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या रिकव्हरीवाल्याच्याही हाती सहसा काही लागत नाही.

आधी बूट मेनू उघडून तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' दिसतो का पाहा. बऱ्याच मशीनवर तो एफ १२ ने उघडतो. तिथून विंडोज उघडलं तर फाइलींची चिंता मिटली. नाही उघडलं, तर मित्राच्या संगणकावर पेनड्राइव्हवर उबुंटू चढवा, त्यावरून आपलं मशीन सुरू करा आणि 'इन्स्टॉल' नव्हे, 'ट्राय' निवडा. फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका. ग्रब पुन्हा बसवायला बूट-रिपेअर आणि गायब पार्टिशन शोधायला टेस्टडिस्क, दोन्ही फुकट आहेत. सापडलेल्या फाइली मात्र त्याच डिस्कवर उतरवू नका.

ज्यांचं मशीन अजून धड आहे, त्यांनी हे आजच करावं. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते. तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. जुन्या एमबीआर डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. पाचवं करताना विंडोजने 'डायनॅमिक' करू का विचारलं, तर नाही म्हणा. घाईघाईत तिथे 'येस' दाबलं, की लिनक्स उघडणं अवघड होऊन बसतं.

विष्णुपुरीतलं श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि त्याचं लातूरचं उपकेंद्र यांना विनंती: प्रयोगशाळेत उबुंटू चढवलेला एक पेनड्राइव्ह तयार ठेवा आणि तो वापरता येणारा एखादा सीनियर आठवड्यातून तासभर बसवा.

दुकानदार बंधूंनो, तुमचा धंदा बुडावा असं आम्हाला वाटत नाही. फाइली काढून देण्याचे वेगळे पैसे घ्या, गिऱ्हाईक खुशीने देईल. फक्त फॉरमॅटआधी "आतलं काही पाहिजे का?" एवढं विचारा आणि त्याचं उत्तर बिलावर लिहून त्याची सही घ्या.