शब्दाचाही माग काढावा लागतो

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पर्यटकांसोबत जिप्सीत बसणारे गाईड आसपासच्या गावांतलेच. ‘टेरिटरी’, ‘अलार्म कॉल’, ‘पगमार्क’ हे शब्द त्यांच्या जिभेवर रुळलेले असतात, कारण प्रत्येक शब्दामागे डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असतं. याच भागातली मुलं स्पर्धा परीक्षेला बसतात तेव्हा मात्र त्यांच्या हाती पडते कठीण इंग्रजी शब्दांची यादी, शब्दासमोर एकच अर्थ. ही रीत उलटी आहे. मुलाला जे आधीपासून ठाऊक आहे, तिथूनच त्याला अवघड शब्दापर्यंत न्यायला हवं.

‘स्लॉथ’चा अर्थ यादीत ‘आळस’ असा असतो. त्यावरून ‘स्लॉथ बेअर’ म्हणजे आळशी अस्वल असं वाटेल. पण वारूळ उकरून वाळवी ओढून घेणारं अस्वल ज्याला माहीत आहे, त्याला ते पटणार नाही. त्याची शंका रास्तच आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं या प्राण्याला अमेरिकेतल्या स्लॉथ नावाच्या प्राण्यांच्या गटात घातलं. पुढे चूक सुधारली, नाव तेवढं चिकटून राहिलं. एवढी हकिकत कळलेला मुलगा ना तो शब्द विसरेल, ना तो प्राणी. ‘डेसिड्युअस’चंही तसंच: मुळात गळून पडण्याचा अर्थ असलेला हा लॅटिन शब्द सागाची पानगळ पाहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, रानातले शब्द मोजकेच. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेतले अमूर्त शब्द कुठून आणायचे? पण त्यांतले कितीतरी रानाच्याच वाटेनं आले आहेत. ‘इन्व्हेस्टिगेट’च्या पोटात लॅटिन ‘वेस्टिजियम’ आहे, म्हणजे पाऊलखूण, ‘वेस्टिज’ही त्याचाच. तपासासाठी आपणही ‘माग काढणे’ म्हणतोच. ‘सॅगेशस’ म्हणजे चाणाक्ष, पण पूर्वी इंग्रजीत हा शब्द तीक्ष्ण नाकाच्या शिकारी कुत्र्यालाही लावत. परीक्षेला वेळ थोडा असतो आणि उजळणीवाचून शब्द टिकत नाही, हे मात्र मान्य. यादी फेकून द्या असं मी म्हणत नाही, उजळणीला ती हवीच. फक्त शब्दाची पहिली भेट तिथे होऊ नये. आणि इंग्रजी परकी म्हणून बिचकणाऱ्या मुलाला सुरुवातीला ‘मंगूस’ द्यावा. तो शब्द इंग्रजीत गेला आहे आपल्या मुंगुसावरून.